काय काम काढलंत आक्राला?

परत आल्यापासून आमच्या डब्लिनमधला जो तो मला सिंहाबद्दल विचारतो. हे डब्लिन ओहायोतलं, कोलंबसच्या कडेचं. इथे मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला झाडून सगळ्या बायकांनी एकच प्रश्न केला, की आफ्रिकेला गेली होतीस तर सफारी केलीस का? नाही केली, बायांनो. मी पश्चिम आफ्रिकेत होते, घानाच्या राजधानीत, आक्रा नावाच्या शहरात, आणि तिथे मी आठवडाभर संग्रहालयं आणि आर्ट गॅलऱ्या पाहिल्या. सिंह सोडा, मला धड मांजर दिसलं नाही. पाय मात्र असे सुजले की परतीच्या विमानात बूट चढेनात.

खरं तर मला संग्रहालयांची हौस नाही. मी पॅथॉलॉजिस्ट. सगळी नोकरी काचेखालच्या वस्तू बघण्यात गेली, आता निवृत्त झाल्यावर पुन्हा कोण काचेत डोकं घालणार? मी गेले ती रेवासाठी. रेवा आमची एकुलती एक. जन्म कोलंबसचा, शिक्षण ॲन आर्बरचं. काम असं की संग्रहालयातल्या जुन्या वस्तू जपायच्या: चिरलेलं जोडायचं, कीड लागलेलं वाचवायचं. आक्राला ती दोन वर्षांच्या कामावर गेली. त्या दोनाची चार झाली. परत कधी येणार विचारलं की "लेट्स सी, आई."

इकडे आमचं चार बेडरूमचं घर, तळघर, जिने, हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ स्नो ब्लोअरने उडवायचा तो वेगळाच. माझा नवरा श्रीकांत सत्तरी ओलांडलेला, पाठीचं ऑपरेशन झालेला. हे घर विकून एक छोटं, एका मजल्याचं घर घेऊ असं दर वसंतात ठरतं, आणि दर वसंतात आमच्यापैकी कोणीतरी म्हणतं, "पण रेवा परत आली तर?" की झालं, अजून एक वर्ष. फोनवर विचारायची सोय नाही. विषय निघाला की तिच्याकडचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. श्रीकांतला इतका लांबचा प्रवास झेपत नाही. मला विमानतळावर सोडताना तो एवढंच म्हणाला, "काय ते विचारून ये एकदाचं."

घुमटाखाली

जानेवारीत आक्रात सहाराच्या वाळवंटाकडून वारा येतो. त्याला हरमटन म्हणतात. धूळ इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही, पण दाताखाली लागते. ओठ फुटतात, घसा खवखवतो आणि भर दुपारी सूर्याकडे खुशाल बघता येतं, इतका तो फिका. रेवा मला घ्यायला आली. बारीक झालीस म्हणाली (मी झालेले नाही) आणि टॅक्सीत बसल्या बसल्या तिने आठवड्याचा बेत सांगून टाकला. सोमवारी हे म्युझियम, मंगळवारी ते वर्कशॉप, बुधवारी गॅलरी. एक दुपार मोकळी नाही. मी काय समजायचं ते समजले. आईला बोलायला सवडच मिळू द्यायची नाही. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. म्हटलं, दमशील कधीतरी, मग विचारीन. दमले मी.

पहिलं संग्रहालय घुमटाचं होतं. मधे मोठं गोल दालन आणि भिंतीलगत लाकडी बैठकी, एकेका ओंडक्यातून सबंध कोरलेल्या, मधे खोलगट. राजाची वेगळी, राणीमातेची वेगळी. माणूस उठला की बैठक आडवी करून ठेवायची, नाहीतर रिकाम्या जागी भलताच कोणी आत्मा येऊन बसतो असं तिथे मानतात. मला ते लगेच पटलं. आपण नाही का, रिकामा पाळणा हलवू देत नाही आणि रिकामी कात्री वाजवू देत नाही! रेवाला म्हटलं, आत्म्याचं राहू दे, यातल्या एखादीवर मला बसता येईल का? तिने "आई!" केलं. संग्रहालयं बांधणाऱ्यांना खुर्ची नावाची गोष्ट ठाऊक नसते, हे जगात सगळीकडे सारखंच.

तिथली पितळी वजनं मात्र मी उभ्या पायांनी पाहिली, तक्रार न करता. पूर्वी सोन्याची भुकटी तोलायला वापरत. बोटाच्या पेराएवढी एकेक, पण त्यात पक्षी, मासे, भांडणारी माणसं, सगळं ओतलेलं, आणि बहुतेकांमागे एखादी म्हण. एका वजनात दोन मगरी होत्या, तोंडं दोन आणि पोट एक. कुणीही खाल्लं तरी एकाच पोटात जाणार, तरी खाण्यावरून भांडतात. मी म्हटलं, ही तर आपली जॉइंट फॅमिली. रेवा खूप हसली. मग एका वजनाचा तुटलेला पाय तिने कसा जोडला ते सांगायला लागली, आणि सांगताना तिचे हात हवेत असे नाजूक फिरत होते की मला माझ्या लॅबमधले माझेच हात आठवले. एवढ्यात दिवे गेले. तिथे ते वरचेवर जातात. आमच्या गाइडने बोलणं जराही न थांबवता खिशातून फोनचा टॉर्च काढला आणि पुढच्या पेटीवर धरला. अंधारात विचारणं सोपं जाईल असं वाटून मी तोंड उघडलं, तर शाळेची एक अख्खी सहल किंचाळत आत शिरली.

दुपारी रेवाने पानात बांधलेलं वाके आणलं. नाव काहीही असू दे, तो आपला चवळीभात. कसलीशी पानं घालून शिजवल्यामुळे तांबूस होतो. वर तिखटजाळ काळी चटणी, पण तिच्यात वाळवलेले मासे असतात, म्हणून मी ती बाजूला सारली. सोबत गारी म्हणून भरड रवा होता. चौकशी केली तर तो कसावाचा निघाला, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो. मी म्हटलं, चला, संकष्टीची सोय झाली.

मासा, टॅक्सी आणि स्नो ब्लोअर

मंगळवारी शहराबाहेर समुद्राकडे गेलो. तिथले गा जमातीचे सुतार शवपेट्या करतात, पण माणूस जे करत जगला त्या आकाराच्या. कोळी गेला तर भलामोठा मासा, कोकोच्या शेतकऱ्याला कोकोचं बोंड, ड्रायव्हरला चाकंबिकं लावलेली टॅक्सी. रंग असे झगझगीत की मरणाची भीती कुठल्या कुठे. हल्ली त्या परदेशातल्या संग्रहालयांतही जातात म्हणे, मेलेल्या माणसावाचून. रेवाने विचारलं, तुला कसली आवडेल? मी म्हटलं मायक्रोस्कोप. आणि बाबांना? मी म्हटलं स्नो ब्लोअर. आम्ही दोघी अशा हसलो की सुतारही रंधा थांबवून हसायला लागला. मग त्याने विचारलं स्नो ब्लोअर म्हणजे काय, आणि ते समजावता समजावता रेवा गप्प झाली. मीही विचारायचं टाळलं. हसलो होतो, तेवढं तरी राहू दे म्हटलं.

परतताना बाजारात लहान पोरं माझ्यामागे "ओब्रोनी, ओब्रोनी" करत धावली. ओब्रोनी म्हणजे परदेशी, आणि बहुतेक वेळा गोरी. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी गोरी म्हटलं, तेही या वयात. आमच्या सासूबाईंनी ऐकायला हवं होतं.

बुधवारची गॅलरी अगदी आपल्या अमेरिकेतल्यासारखी, पांढऱ्या भिंती आणि सिमेंटची जमीन. एका भिंतीवर छतापासून खालपर्यंत एक गोधडी लटकत होती, जुन्या टी-शर्टांची शिवलेली. जवळ गेले तर कुठल्यातरी गावची मॅरेथॉन, कुठल्या चर्चची पिकनिक, कुठल्या शाळेची सॉकर टीम. दर वसंतात आपण गराज साफ करून पिशव्या भरभरून देऊन टाकतो आणि पुण्य केल्यासारखे घरी येतो, ते कपडे गठ्ठ्यांनी इथल्या बाजारात येतात. निम्मे कुणी घेत नाही, मग ते समुद्रात. मी ओहायोचा टी-शर्ट शोधत बसले आणि सापडला नाही तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

आंटी अफुआ

गुरुवारी रेवा मला आंटी अफुआंकडे घेऊन गेली. आंटी म्हणजे तिथल्या काकूच, नातं लागत नसलं तरी. सत्तरीच्या पुढच्या, मूळच्या आतल्या बाजूच्या कुमासी शहराकडच्या. तिकडच्या लोकांना अकान म्हणतात. पूर्वी त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता घराच्या अंगणाभोवतीच्या खोल्यांमध्ये गॅलरी चालवतात, आणि त्यांच्याकडच्या जुन्या लाकडी मूर्ती रेवा सांभाळते. त्यांनी आम्हाला झाडाखाली बसवलं, स्वतः आत जाऊन पाणी आणलं. मी दोन घोट घेतले. मग त्या समोर बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि इंग्रजीत, अगदी संथपणे म्हणाल्या, "इथे सगळं क्षेम आहे. वाट चालून तुम्ही आला आहात. काय काम काढलंत?"

आता आपल्याकडे पाहुण्याला असं विचारलं तर तो चहा न घेता उठेल आणि जन्मभर नावं ठेवेल. आपण कामाचं आधी कधी बोलतो का? हवापाणी होतं, तब्येती होतात, कोणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली ते होतं, चिवडा होतो, चहा होतो, आणि चपला घालताना दारात उभं राहून आपण म्हणतो, "बरं का, एक विचारायचं होतं." तेच खरं काम. त्यामुळे मी गडबडले. इतक्या वर्षांचं ओहायो गळून पडलं आणि तोंडून माझं नागपूर बाहेर आलं, इंग्रजीचा सदरा घालून. म्हटलं, काही नाही हो, विशेष काही नाही, सहजच आले.

आंटी थांबल्या. घरी कोणी आजारी आहे का, काही अडचण आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं नाही नाही, सगळं उत्तम. आणि मग, हात दाखवून अवलक्षण, वर जोडून दिलं की तुमची म्युझियम्स पाहायला आले. त्या "अस्सं" म्हणाल्या आणि उठून मला चित्रं दाखवायला लागल्या. वागण्यात कुठे कमी नव्हती, पण काहीतरी मिटलं होतं, मला कळत होतं. रेवा पाण्याचे ग्लास घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

टॅक्सीत तिने मला सांगितलं. अकान लोकांमध्ये लांबून आलेल्या पाहुण्याला आधी पाणी देतात, मग येण्याचं कारण विचारतात. त्याने ते सांगितलं की उठून हात हातात घेतात आणि 'अक्वाबा' म्हणतात, म्हणजे या, आलात, बरं झालं. कारण सांगेपर्यंत पाहुणा अजून वाटेतच असतो.

"शी वॉज वेटिंग फॉर यू टु से यू केम टु सी मी," रेवा म्हणाली. "ॲन्ड यू सेड, सहज."

"अगं, ती बोलायची पद्धत असते."

"आय नो. शी डझन्ट." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ॲन्ड समटाइम्स, आई, आय डोन्ट नो आयदर."

लागलं मला ते. पण तोंडाने मी कुठली गप्प बसतेय! म्हटलं, तू तरी कुठे विचारू दिलंस, सोमवारपासून मला काचेच्या पेट्यांमधून फिरवते आहेस. गाड्या अडकून पडल्या होत्या. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका केळ्याचे वेफर्स विकत फिरत होत्या. तिने एक पाकीट घेतलं, फोडून माझ्यापुढे धरलं, आणि आम्ही दोघी मुकाट्याने वेफर्स खात बसलो.

किल्ला

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे समुद्राकाठच्या जुन्या किल्ल्यातलं संग्रहालय. दोघींच्यात जेवढ्यास तेवढं बोलणं. या किल्ल्यात गुलाम म्हणून विकायच्या माणसांना कोंडून ठेवायचे. खोली बुटकी, हवेला वर एक भोक, दगडी जमीन. आमच्यासोबत अमेरिकेतून आलेला एक काळ्या लोकांचा गट होता. गाइडने प्रत्येकाला गाव विचारलं. मी ओहायो म्हटलं आणि तो पुढच्याकडे वळला. "हो, पण मूळच्या कुठल्या?" असं त्याने विचारलं नाही. हे माझ्या बाबतीत ओहायोतसुद्धा फार कमी वेळा घडलं आहे.

त्या गटातल्या माझ्याच वयाच्या एक बाई भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या, नुसत्या उभ्या. गाइडही त्यांच्यासाठी थांबला. इथून ज्यांना बोटीत घातलं त्यांच्या आयांना कोणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. त्या कुठल्यातरी गावात वाट बघत राहिल्या असतील, मरेपर्यंत. मी तिथे माझं रडगाणं आठवणंच अशोभनीय होतं. माझी मुलगी विमानाने, पगारावर, स्वतःच्या मर्जीने आलेली, हाताच्या अंतरावर उभी, विचारलं तर उत्तर देणारी. मला माझीच लाज वाटली. नुसतं विचारायचं होतं, आणि ते माझ्याने होत नव्हतं.

बाहेर उन्हात आल्यावर मी रेवाला म्हटलं, "उद्या मला आंटींकडे परत ने."

"व्हाय?"

"काम आहे."

शनिवार

तेच झाड, त्याच खुर्च्या. आंटींनी पुन्हा स्वतः पाणी आणलं. जणू मी आधी आलेच नव्हते अशा आवाजात त्यांनी पुन्हा क्षेम सांगितलं, पुन्हा काम विचारलं. मी ग्लास खाली ठेवला. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले.

"माझी मुलगी चार वर्षं इथे आहे," मी म्हणाले. "मी तिला बघायला आले, आणि ती परत येणार की नाही हे विचारायला आले. तिचे वडील आणि मी तिची खोली धरून बसलो आहोत. आता दोघंही दमलो आहोत."

आंटींनी मला उत्तर दिलं नाही, सांत्वनही केलं नाही. त्या रेवाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईने काय आणलं आहे ते तू ऐकलंस."

या वेळी मधेच जायला नेटवर्क नव्हतं. रेवा बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होती. नखांत कुठल्याशा मूर्तीचा डिंक अडकला होता, तो ती काढत राहिली.

"आय एम नॉट कमिंग बॅक, आई." मग तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मला सांगायचं होतं. दर वेळी. पण बाबांचा आवाज आला की मला ते जमायचं नाही."

ती रडली. मीही रडले, लपवत नाही. भांडायची माझी तयारी जय्यत होती. पगार काय, म्हातारपणी इन्शुरन्स काय, आमच्यामागे तुला कोण, सगळे मुद्दे मी विमानात तयार केले होते. त्यातला एकही ओठांवर आला नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण राग आला नाही. खरं सांगू का, मला झोप आली. त्या खुर्चीतच डोळे मिटावेत अशी, बाळंतिणीला येते तशी. इतके दिवस मी त्या हरमटनला आणि संग्रहालयांच्या फरशांना दोष देत होते. माझा थकवा वाट बघण्याचा होता, आणि तो मी ओहायोहून बॅगेत भरून आणला होता.

आंटी उठल्या. माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "अक्वाबा." आक्रात येऊन मला आठवडा होत आला होता, आणि तेव्हा कुठे माझं स्वागत झालं. मग त्यांनी जेवायला थांबवून घेतलं. माशाशिवाय केलेली चवळीची उसळ होती, आलं आणि मिरची लावून तळलेली पिकली केळी होती, आणि जेवताना त्या मला रेवाबद्दल असं काही सांगत होत्या की जणू ती माझी नव्हे, त्यांचीच कोणी. वाळवी लागलेली एक मूर्ती सगळ्यांनी टाकून द्या म्हटलं, ती तिने वर्षभर बसून वाचवली. ती मूर्ती त्यांनी मला दाखवली. मांडीवर मूल घेतलेली बाई, एक खांदा नवा. नवा खांदा जुन्याहून किंचित फिका ठेवलेला. मी विचारलं, रंग मुद्दाम जुळवला नाहीस का? रेवा म्हणाली, जोडलंय ते कळलं पाहिजे, लपवायचं नसतं. हे ती मला कामातलं सांगत होती.

रेवाच्या घरी येऊन मी आडवी झाले ती थेट दिवेलागणीला उठले. मग श्रीकांतला फोन लावला. ओहायोत तेव्हा दुपार.

"विचारलंस?" तो म्हणाला.

"विचारलं."

"मग?"

"नाही येणार."

मागे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाला, घर विकायला सोमवारी रिएल्टरला फोन करतो. मी म्हटलं कर. ती नीट जेवते ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं जेवते. मला वाटलं आता फोन ठेवेल.

"काय गं," तो म्हणाला, "तिच्याकडे एखादी जास्तीची खोली आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "तिथूनच बोलतेय."